भरलेलं मॅगझिन, अडकलेली गोळी: दोष खरंच स्प्रिंगचा आहे का?

परवानाधारक पिस्तूलवाल्यांची एक तक्रार ठरलेली आहे. पिस्तूल तिजोरीत, शेजारी भरलेलं मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी. वर्ष-दीड वर्षाने रेंजवर नेलं आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मध्येच अडकली. निदान जागेवर तयार असतं: "भरून ठेवलं होतं ना, स्प्रिंग बसली." दुकानदारही मान डोलावतो, कारण वाद घालण्यापेक्षा नवं मॅगझिन विकणं सोपं. पुढच्या वर्षी ते नवं मॅगझिनही तसंच अडकतं. मग पिस्तुलाला शिव्या.

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या .३२ बोअरच्या पिस्तुलांमध्ये, म्हणजे एका रांगेत सात-आठ गोळ्या घेणाऱ्या मॅगझिनमध्ये, निव्वळ भरून ठेवल्याने स्प्रिंग निकामी होण्याची शक्यता यादीत अगदी तळाला आहे. तिच्या वर निदान पाच कारणं आहेत आणि ती तपासायला पैसे लागत नाहीत.

स्प्रिंग दाबून ठेवल्याने काय होतं

चांगल्या मॅगझिनची स्प्रिंग पियानो वायरची, म्हणजे जास्त कार्बनच्या कडक ओढलेल्या पोलादी तारेची असते, नाहीतर स्टेनलेस स्प्रिंग स्टीलची. अशा तारेला लवचिकतेची एक हद्द असते. त्या हद्दीच्या आत कितीही दाबा, सोडल्यावर ती पूर्वपदावर येते. हद्द ओलांडली की मात्र ती कायमची आखूड होते. मॅगझिनचं डिझाइन करणारा पूर्ण भरलेल्या अवस्थेतही तार हद्दीच्या आत राहील असाच हिशोब करतो, निदान करायला हवा.

नवी स्प्रिंग पहिल्यांदा भरून चार-आठ दिवस ठेवली की लांबीत थोडी कमी होते. यालाच लोक "बसली" म्हणतात आणि घाबरतात. ते सुरुवातीचं बसणं आहे, कारखान्याने धरलेलंच असतं. त्यानंतर लांबी जवळपास स्थिर होते. पुढेही ताण अगदी हळूहळू सैलावत जातो, पण घरच्या तापमानाला तो वेग इतका मंद असतो की पाच वर्षांनी आणि सहा वर्षांनी मोजलेल्या लांबीत फरक सापडायचा नाही. विदर्भातला उन्हाळा घेतला तरी हेच. पियानो वायरला साधारण १२० अंश सेल्सियसपर्यंत वापरता येतं, तेव्हा नागपूरच्या मे महिन्याने तिला काही होत नाही.

स्प्रिंगला खरं थकवतं ते वरखाली होणं. बंद करून ठेवलेल्या गाडीच्या इंजिनाचं बघा. काही व्हॉल्व्ह उघडे राहतात, म्हणजे त्यांच्या स्प्रिंगा दाबलेल्या अवस्थेतच असतात. गाडी वर्षभर पडून राहिली तर बॅटरी मरते, टायर बसतात, पण व्हॉल्व्हची स्प्रिंग गेली असं कुठल्या मेकॅनिकने सांगितल्याचं ऐकिवात नाही. तीच गाडी २००० आरपीएमवर चालताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो. झीज होते ती तिथे.

आता आपला हिशोब. परवान्यावरचा काडतुसांचा कोटा बघता वर्षाला पन्नास गोळ्या उडवणारा माणूस म्हणजे उत्साही म्हणायचा. आठ गोळ्यांच्या मॅगझिनला ते वर्षाला सहा-सात वेळा भरणं-रिकामं होणं झालं. एवढ्याने स्प्रिंग थकायला जन्म जाईल. याउलट स्पर्धेच्या सरावात रोज उतरणाऱ्या नेमबाजांच्या २५ मीटर पिस्तुलाची मॅगझिनं बघा. ती पाच-पाच गोळ्यांनी भरतात आणि काही मिनिटांत रिकामी होतात, भरलेली अशी राहतच नाहीत. तरी स्प्रिंगा बदलाव्या लागतात त्यांच्याच.

म्हणून "स्प्रिंगला आराम" म्हणून रोज रात्री मॅगझिन रिकामं करून सकाळी भरणाऱ्यांची मला गंमत वाटते. वाचवायला गेले आणि वर्षाला ३६५ हेलपाटे स्प्रिंगच्या पदरात टाकले. शिवाय मॅगझिनच्या ओठांवरून, म्हणजे गोळी धरणाऱ्या वरच्या कडांवरून, तीच काडतुसं रोज घासायची. घरात मुलं आहेत म्हणून हत्यार आणि गोळ्या वेगळ्या ठेवत असाल तर ते अगदी योग्य, तसंच करा. त्याचं कारण सुरक्षितता आहे, स्प्रिंग नाही.

अपवाद आहेत. लहान पेटीत जास्तीत जास्त गोळ्या कोंबलेली दोन रांगांची मॅगझिनं स्प्रिंगला हद्दीच्या कडेपर्यंत नेतात. मूळ सात गोळ्यांच्या मापात आठवी बसवणारी, '१९११' नावाच्या अमेरिकन पिस्तुलाची काही मॅगझिनंही तशीच. तिथे एक गोळी कमी भरणं शहाणपणाचं. ही युक्ती फौजी आहे आणि जुनी आहे: दुसऱ्या महायुद्धात स्टेन गनच्या ३२ गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये ३० भरत, व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक एम-१६ च्या २० च्या मॅगझिनमध्ये १८. दुसरा अपवाद म्हणजे निनावी, नकली मॅगझिन. त्यातली तार कसली आहे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याच्या बाबतीत वरचं काहीच लागू नाही.

तपासणी: गुन्हेगार मॅगझिन की पिस्तूल?

आधी नेहमीचंच. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, गोळी बसायची जागा) डोळ्याने बघायचं आणि बोटाने चाचपायचं. जिवंत गोळ्या दुसऱ्या खोलीत. पुढचं सगळं डमी राउंडवर, म्हणजे दारू नसलेल्या नकली गोळ्यांवर करायचं. ते गन हाउसमध्ये मिळतात आणि नसतील तर आधी घ्या. घरात जिवंत गोळ्यांनी स्लाइड मागेपुढे करून "बघू या चढते का" हा प्रयोग कुणीही करू नये.

मॅगझिनांवर नंबर टाका. तळाच्या पट्टीवर पेंटचा एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. रेंजवर अडकलं की तीन गोष्टी वहीत: कितव्या नंबरचं मॅगझिन, कितवी गोळी, आणि स्लाइड नेमकी कशी अडकली होती. अडथळा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला तर उत्तमच, पण नळी समोर रोखलेली आणि बोट चापाबाहेर ठेवून, रेंज ऑफिसरला सांगून. या नोंदींशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे आहे.

बिघाड एकाच मॅगझिनबरोबर फिरत असेल तर मॅगझिन बघा. सगळ्या मॅगझिनांत होत असेल तर ती बिचारी निर्दोष आहेत, पिस्तूल किंवा दारूगोळा बघा. ज्यांच्याकडे एकच मॅगझिन आहे त्यांचा प्रश्न अवघड, आणि आपल्याकडे तसे बरेच आहेत. त्यांना खालच्या खुणांवर भिस्त ठेवावी लागेल.

पहिलीच गोळी चढत नसेल तर स्प्रिंग कमजोर नसून उलट फार दाबलेली असते: मॅगझिन ठासून भरलंय, किंवा मॅगझिन खाचेत नीट बसलेलंच नाही. बंद स्लाइडखाली पूर्ण भरलेलं मॅगझिन घालताना हे हमखास होतं. तळव्याने ठोका, मग खाली ओढून पाहा, निघतंय का.

शेवटची किंवा त्याआधीची गोळी चुकत असेल तर स्प्रिंगवर संशय घ्यायला जागा आहे, कारण त्या वेळी ती सर्वांत जास्त उलगडलेली आणि जोराला सर्वांत कमी असते. ज्या पिस्तुलात शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहायची सोय आहे, तिथे ती राहायची बंद होणं ही कमजोर स्प्रिंगची बहुधा पहिली खूण. जुन्या ब्राउनिंग धाटणीच्या सगळ्याच पिस्तुलांत ही सोय नसते. तेव्हा आपलं हत्यार ओळखा आणि मग घाबरा.

स्लाइड पुढे आली, चाप ओढला, नुसताच "टिक" आवाज आला आणि चेंबर रिकामं निघालं. किंवा स्लाइडने गोळीला बुडाऐवजी मधल्या अंगाला धरलं: गोळी वर यायला उशीर झाला. याला दोन कारणं. स्प्रिंग मंद, नाहीतर स्लाइड फार जलद. दुसऱ्याकडे पुढे येतो.

आता हाताची परीक्षा. मॅगझिन पिस्तुलाबाहेर, आत डमी. अंगठ्याने वरची गोळी खाली दाबा आणि हळू सोडा. ती अंगठ्याबरोबर वर आली पाहिजे. मध्ये थबकली, तिरकी झाली, किंवा पेटीला टिचकी मारल्यावरच वर आली, तर आत कचरा आहे, पेटीला पोचा आहे, किंवा फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकावर बसून गोळ्या वर ढकलणारा तुकडा) तिरका बसतोय. खोलून साफ केलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग उलटी बसवली गेली असण्याची शक्यता आधी बघा. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला विशिष्ट वळण असतं आणि ते फॉलोअरखाली एकाच दिशेने नीट बसतं. खोलण्याआधी फोटो काढून ठेवला असता तर हा प्रश्नच आला नसता.

.३२ चं खास दुखणं

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण "स्प्रिंग बसली" म्हणून आलेल्या तक्रारींत मला हेच सर्वांत जास्त दिसतं.

९ मिमी पॅरा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणून सामान्य परवानाधारकाच्या हातात .३२ येतं: इशापूरचं अशनी, किंवा वारसाहक्काने आलेलं वेब्ली स्कॉट, कोल्ट, ब्राउनिंग. हे काडतूस १८९९ साली ब्राउनिंगच्या पहिल्या पिस्तुलाबरोबर आलं आणि त्याचं बूड अर्धवट रिमचं आहे. म्हणजे बुडाची कडा काडतुसाच्या अंगापेक्षा थोडी बाहेर आलेली असते, व्यासात जेमतेम अर्धा मिलिमीटर. ९ मिमीच्या काडतुसाला अशी बाहेर आलेली कडा नसते.

हा अर्धा मिलिमीटरच घोळ करतो. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. मूठ तिरकी असल्यामुळे एरवी ते आपोआप जमतं. पण गोळ्यांना मागेपुढे सरकायला मोकळी जागा मिळाली, तर गोळीबाराच्या झटक्याने खालची गोळी पुढे सरकते आणि तिची रिम वरचीच्या रिमला ओलांडून पुढे जाते. आता स्लाइड वरच्या गोळीला पुढे ढकलते, तिची रिम खालच्या रिमवर आदळते आणि दोघी एकमेकींत रुततात. इंग्रजीत याला रिमलॉक म्हणतात, आपल्याकडेही हाच शब्द चालतो.

कमजोर स्प्रिंगपेक्षा याची खूण वेगळी आहे. स्प्रिंगच्या दोषात मॅगझिन बाहेर काढलं की वरची गोळी निवांत आपल्या जागी बसलेली दिसते. ती फक्त उशिरा पोचलेली असते. रिमलॉकमध्ये वरची गोळी अंगठ्याने पुढे ढकलली तरी हलत नाही. स्लाइड चार वेळा ओढून उपयोग नाही, मॅगझिन काढावंच लागतं. आणि सोडवताना स्क्रू ड्रायव्हर, खिळा असलं काही गोळीच्या बुडाजवळ न्यायचं नाही, तिथे प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेटणारी टोपी आहे. वरची गोळी किंचित खाली दाबून, मॅगझिनची मागची बाजू तळव्यावर आपटून बहुधा सुटते. तळपट्टी निघत असेल तर खालून स्प्रिंग सावकाश मोकळी करता येते. नाहीच सुटलं तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्यायचं.

आखूड गोळीने हा त्रास वाढतो. या काडतुसाची पूर्ण लांबी कमाल साधारण २५ मिमी, आणि जुनी मॅगझिनं गोल टोकाच्या, पूर्ण जॅकेटच्या (शिशावर धातूचं आवरण असलेल्या) गोळीसाठीच बनलेली. पोकळ टोकाची परदेशी गोळी लांबीला कमी भरते, पुढे जागा मोकळी राहते, आणि सरकासरकी सुरू होते. पिस्तूल जुनं असेल तर साधी, गोल टोकाचीच वापरा. एकाच मॅगझिनमध्ये दोन प्रकारच्या गोळ्या मिसळणं तर अजिबात नको. भरून झालं की मॅगझिनची मागची भिंत दोन-तीनदा तळव्यावर हलकेच आपटायची म्हणजे सगळी बुडं मागे सरकून रांगेत येतात. एवढ्या एका सवयीने कितीतरी "बसलेल्या" स्प्रिंगा दुरुस्त झालेल्या मी पाहिल्यात.

ओठ, गंज, तेल

मॅगझिनचे वरचे दोन ओठ गोळीला धरून ठेवतात आणि ती कोणत्या कोनात चेंबरकडे निघेल ते ठरवतात. भरलेलं मॅगझिन फरशीवर तोंडावर पडलं की एक ओठ केसभर वाकतो. डोळ्याला दिसत नाही, कॅलिपरला दिसतं. मॅगझिन नवं असतानाच दोन्ही ओठांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजून वहीत लिहिलेलं असेल तर पुढची सगळी चर्चा वाचते. पकडीने वाकवून ओठ सरळ करणारे उस्ताद गल्लोगल्ली आहेत. त्यांना लांबून नमस्कार.

प्लास्टिकच्या मॅगझिनांत सततच्या दाबाने खरा धोका असलाच तर तो स्प्रिंगला नसून ओठांना आहे, कारण प्लास्टिक सततच्या ओझ्याखाली हळूहळू सरकतं. अमेरिकेतल्या मॅगपुल कंपनीच्या रायफल मॅगझिनांबरोबर येणारं झाकण वरच्या गोळीला किंचित दाबून ओठांवरचा भार काढून घेतं, ते याचसाठी. आपल्या पोलादी .३२ मॅगझिनला ही भानगड नाही.

कोकणात आणि मुंबईत मात्र गंज पकडतो. तारेवर गंजाचा बारीक खड्डा पडला की ताण तिथेच एकवटतो आणि स्प्रिंग बसण्याऐवजी थेट तुटते. चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवलेलं पिस्तूल आणि चामड्याच्या पट्ट्यातल्या गोळ्या हे याचं माहेरघर. पितळेवर हिरवट थर आला म्हणजे चामड्यातली ओल आणि रसायनं कामाला लागली. म्यान बाहेर जाताना वापरा. घरी हत्यार कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पावसाळ्यात पुड्या बदलत जा.

गंजाच्या भीतीने मॅगझिनमध्ये तेल ओतणं हा दुसरा टोकाचा प्रकार. तेलाला धूळ आणि न जळलेली दारू चिकटते, दोन वर्षांत आत काळा चिकट लगदा होतो आणि फॉलोअर त्यात रुततो. शिवाय तेल झिरपून प्रायमर खराब होतो ते वेगळंच. तार तेलाच्या बोळ्याने पुसायची आणि मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायची. हाताला तेल लागता कामा नये.

पिस्तुलाचीच स्प्रिंग

स्लाइड पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग ही खरी काम करणारी स्प्रिंग. ती प्रत्येक गोळीला दाबली जाते. ती ढिली पडली की स्लाइड मागे वेगाने जाते, आपटते, उसळून परत येते आणि मॅगझिनची गोळी वर यायच्या आधीच पुढे निघून जाते. लक्षण हुबेहूब कमजोर मॅगझिन स्प्रिंगचं. रिकामी खोकी पूर्वीपेक्षा लांब उडू लागली, हाताला झटका कडक जाणवू लागला, आणि बिघाड सगळ्या मॅगझिनांत होतोय, तर इकडे बघा. पन्नास-साठ वर्षं जुन्या पिस्तुलात तर आधी इकडेच.

तीच ती गोळी

बऱ्याच घरांत मॅगझिनमध्ये चार-पाच वर्षं त्याच गोळ्या असतात, आणि सगळ्यात वरची गोळी शेकडो वेळा चेंबरमध्ये जाऊन आलेली असते. दर वेळी तिचं टोक रॅम्पवर (चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर) आपटतं आणि शिसं खोक्यात किंचित आत दाबलं जातं. गोळी आखूड झाली की .३२ मध्ये रिमलॉकला आमंत्रण, आणि फार आत गेली तर उडवताना चेंबरमधला दाब धोकादायक वाढतो. वरची गोळी पाकिटातल्या कोऱ्या गोळीशेजारी उभी करून बघा. उंचीत फरक दिसला तर ती पुन्हा भरायची नाही. खडकीच्या कारखान्यातलं केएफ छापाचं पाकीट घेतलं की त्यावर विकत घेतल्याची तारीख लिहा, आणि रेंजवर जाल तेव्हा घरातल्या जुन्या गोळ्या उडवून नव्या भरा. कोट्याच्या काटकसरीमुळे लोक नेमकं उलट करतात.

मग स्प्रिंग बदलायची कधी?

मॅगझिन साफ, ओठ मापात, गोळ्या नव्या आणि योग्य लांबीच्या, रिकॉइल स्प्रिंग ठीक, आणि तरीही तेच एक मॅगझिन शेवटच्या गोळ्यांना चुकतंय, तेव्हा. तुलनेला दुसरं चांगलं मॅगझिन असेल तर दोन्ही स्प्रिंगा टेबलावर शेजारी ठेवा. नीट चालणारीपेक्षा एखादं पूर्ण वेटोळं आखूड असेल तर शंका नको. गंजाचा खड्डा किंवा मुरड दिसली तर लांबी न मोजताच बदला. हाताने ओढून लांब करू नका. ओढलेली स्प्रिंग दोन दिवस जोरात वाटते आणि मग पूर्वीपेक्षा आखूड होते, कारण तार हद्दीपलीकडे नेलेली असते.

वर्षांत उत्तर हवंच असेल तर: चांगल्या बनावटीच्या एका रांगेच्या मॅगझिनची स्प्रिंग कोरड्या जागी भरून ठेवली तर दशकं टिकते. दर अमुक वर्षांनी बदला असला नियम आपल्या वापराला लागू नाही.

सुटे भाग अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, पावतीसह. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये "शस्त्र" या व्याख्येत सुटे भागही येतात, आणि दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. ओळखीचा लेथवाला कितीही कसबी असला तरी हे काम त्याचं नाही. मूळ मॅगझिन मिळत नसलेल्या जुन्या परदेशी पिस्तुलासाठी घरातलं एकमेव मॅगझिन सांभाळणं हीच खरी देखभाल: तोंडावर पडू द्यायचं नाही, आणि सराव कायम थोडक्यात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करायची नोटीस आली, की मॅगझिन रिकामं करूनच द्यायचं, चेंबर दोनदा बघून. पोचपावतीवर मॅगझिनांची आणि काडतुसांची संख्या वेगळी लिहून घ्या. परत मिळाल्यावर भरण्याआधी मॅगझिन खोला आणि तार बोळ्याने पुसा: महिना-दोन महिने ते कुठल्या ओलीत पडलं होतं, ते तारेवरच्या तांबूस डागांवरून लगेच कळतं.